आधी कान, मग हात

‘याला कानच नाही हो!’ असा शेरा मारून पोराचे वाद्य बंद करायला लावणारे गृहस्थ प्रत्येक आळीत एक तरी असतात. आमच्या धाराशिवात शेजारच्या मुलाला तो शेरा मिळाला. मुलाला वेड जाझचे. पण कागदावरचे सूर संपले की त्याची बोटे कीबोर्डवर अडतात. आणि जाझची खरी गंमत तर तिथेच सुरू होते! ठरलेल्या चालीच्या आधाराने वादकाने ऐन वेळी नवी सुरावट रचायची. आपले गवई तिला उपज म्हणतात.

“काका, शिकवणी सोडू दे का त्याला?” त्याच्या आईने विचारले. मी म्हटले, “मुळीच नको. कान घडवता येतो.”

पुरावा दूर नाही. तुळजापूरचा गोंधळ आठवा. तुणतुण्याची एकच तार एकाच सुरात घुमत असते. नायक त्या सुराला धरून कथा रंगवतो, त्याने सोडलेली ओळ झीलकरी नेमकी उचलतो, संबळवाला दोघांची लय सांभाळतो. समोर कागद नसतो. गोंधळ्यांची पोरे शेजारी बसून ऐकतात आणि ऐकता ऐकता तयार होतात.

जाझची परंपराही अशीच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला शिकवीत. तिथले वादक त्या बळावर मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवू लागले. पण जाझची उपज तबकड्या ऐकूनच उचलावी लागे. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांना लोक मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांनाही त्यांची साथ लाभली. तिकडे अमेरिकेत चार्ली पार्करने १९३७ साली लेस्टर यंगची वादने तबकडीवरून ऐकून पाठ केली होती.

मुलाला मी तीन धडे दिले.

पहिला : षड्ज दाबून ठेवावा. घरातल्या कोणीतरी दुसरा सूर वाजवावा. मुलाने न बघता तो गाऊन ओळखावा. आधी पंचम, मग मध्यम, मग शुद्ध आणि कोमल गंधार. या दोन गंधारांच्या ओढाताणीतच ब्लूजचा रंग आहे.

दुसरा : ध्वनिमुद्रिकेतला छोटा तुकडा ऐकावा, थांबवावा, गावा आणि मगच वाजवावा. हा क्रम उलटू नये. गळ्यात न आलेला सूर बोटांत आला तरी टिकत नाही.

तिसरा : ब्लूजचे आवर्तन ४ मात्रांच्या १२ खंडांचे. डाव्या हाताने ४ खंड षड्जाचा स्वरमेळ, २ मध्यमाचा, २ षड्जाचा. मग १ पंचमाचा, १ मध्यमाचा आणि शेवटी २ षड्जाचे. वरून तोंडाने मनाला येईल ते गुणगुणावे. जागा बदलली की कान आपणच इशारा देऊ लागतो.

रोज १५ मिनिटे पुरेत. मात्र खंड नको. आणि वाचकहो, ही शिकवणी बिनपैशाची! या दिवाळीत फराळाची ताटे उचलली की घरातली पेटी काढा. एकाने सूर दाबावा, बाकीच्यांनी पाठ फिरवून ओळखावा. आजीबाई पहिल्या आल्या तर नवल मानू नका. भजने ऐकून त्यांचा कान कधीच तयार झालेला असतो!