वांग्याचे कलम : मूळ कोणाचे, फळ कोणाचे?



आयुष्यभर आम्ही वर्गात एक जुना प्रश्न विचारत आलो. जहाजाच्या सगळ्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहते का? आज हाच प्रश्न आपण वांग्याला विचारू. खाली एका जातीचे मूळ, वर दुसऱ्या जातीचा शेंडा. मग हे झाड कोणाचे म्हणायचे?

आधी हा उद्योग करायचा कशासाठी, ते बघू. उघड्या शेतात जमीन थकली की शेतकरी पीक बदलतो. पॉलिहाऊसवाल्याला ती मुभा फारशी नसते, कारण खर्च मोठा. म्हणून तीच माती आणि तेच वांगे, फार तर त्याचे भाऊबंद टोमॅटो-मिरची. मग मर रोगाच्या बुरश्या, जिवाणू आणि सूत्रकृमी मातीत साचत जातात. पूर्वी यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी देत. पण ते ओझोनच्या थराला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पासून, काही अपवाद सोडले तर, ते बंद झाले. माती बदलता येत नाही ना? मग मूळ बदला! जपानमध्ये १९५०च्या दशकातच वांग्याची अशी कलमे होऊ लागली होती.

कृती सोपी वाटते. खुंटाचे रोप आडवे कापायचे, मधे चीर द्यायची, शेंड्याला पाचरेसारखा आकार देऊन तिच्यात बसवायचा आणि चिमटा लावायचा. नंतर आठवडाभर मंद उजेड, भरपूर दमट हवा आणि साधारण २५ ते २८ अंश तापमान. तेवढ्यात दोघांच्या नळ्या जुळतात.

आता खुंट कोणता घ्यायचा? इथे ‘सर्वोत्तम’ असे काही नसते. सोलानम टॉर्व्हम हे रानटी वांगे मर रोग आणि सूत्रकृमी दोन्हींना दाद देत नाही. याचीच छोटी फळे तमिळनाडूत सुंडक्काय म्हणून खातात. पण त्याचे बी उगवते सावकाश आणि मागेपुढे, म्हणून ते शेंड्याच्या रोपांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी पेरावे लागते. टोमॅटोचे संकरित खुंट पटकन उगवतात, जोमदार असतात, थंड मातीतही चालतात. मात्र त्यांची सूत्रकृमींशी झुंजण्याची ताकद माती २८ अंशांच्या वर तापली की ढासळते. युरोपातल्या काचगृहात जे चालले ते आपल्या एप्रिल-मेमध्ये चालेलच असे नाही. म्हणजे आधी आपल्या मातीतला शत्रू ओळखायचा, मग खुंट निवडायचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फळाची जात शेंड्याची. काटेरी वांग्याचा शेंडा लावला की काटेरी वांगीच येणार. मग खुंट म्हणजे नुसता पाणी चढवणारा पंप का? तर नाही. जपानच्या ओकिनावा भागात कोणीतरी वांग्याचे कलम धोतऱ्यावर केले. कलम छान जगले, वांगी दिसायलाही वांग्यासारखीच. पण ती खाऊन विषबाधा झाली. धोतऱ्याचे विष मुख्यतः मुळांत तयार होते आणि पाण्याबरोबर वर चढते. रूप शेंड्याचे होते, पण आत मुळाचे देणे उतरले होते. म्हणून हौसेने दिसेल त्या रोपावर कलम करू नका. जगते ते सगळे खाण्याजोगे असतेच असे नाही.

आणखी एक गोष्ट. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. तो गाडला गेला तर शेंडा स्वतःची मुळे फोडतो, त्याच रोगट मातीत उतरतो, आणि सगळी मेहनत वाया जाते.

तेव्हा झाड कोणाचे? आमचे उत्तर असे : नाव शेंड्याचे, पण हिशेब दोघांचा. जो फक्त फळाकडे बघतो, त्याला अर्धेच झाड दिसते.

आज इथेच थांबू. शंका असतील तर अवश्य विचारा.