‘पोट दुखतंय’ म्हणजे नेमकं काय?

शाळेची वेळ झाली की मूल म्हणतं, ‘पोट दुखतंय.’ आपण ओवा देतो, नाहीतर ‘नाटकं करू नको’ म्हणून दामटतो. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे भीती, लाज, अपमान यांसाठी शब्द नसतात. पोट हा शब्द मात्र असतो. कुणी जातीवरून चिडवलं असेल, तेही ते असंच सांगतं.

चिखलोलीसारख्या, अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या वस्तीत अनेक आईबाप पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मुलाशी बोलायला अर्धा तास उरतो, त्यातला निम्मा गृहपाठात जातो. त्यांना दोष देत नाही. पण ऑगस्ट २०२४ चं बदलापूर आपल्या शेजारचंच आहे. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या. त्या आंदोलनाच्या आधी एक छोटी गोष्ट घडली होती. घरच्यांनी मुलीचा त्रास ओळखला आणि तिच्यावर विश्वास ठेवला.

सतिपट्ठान सुत्तात चित्ताकडे पाहायला सांगितलंय ते असं: द्वेष असलेलं चित्त असेल तर ‘हे द्वेष असलेलं चित्त आहे’ असं जाणावं. दाबायचं नाही, आधी ओळखायचं. पालीत ‘वेदना’ म्हणजे कुठलीही जाणीव, सुखाचीसुद्धा. मराठीत आपण फक्त दुखणं ठेवलं!

आणि राहुल. अट्ठकथेनुसार अम्बलट्ठिका राहुलोवादाच्या वेळी तो सात वर्षांचा होता. विषय होता खोटं बोलण्याचा. बुद्धांनी पाय धुतल्यावर भांड्यात उरलेलं थोडं पाणी दाखवलं, मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? लहानाशी बोलायची ही रीत आहे: हातातली वस्तू आणि एक प्रश्न. आपल्या रविवारच्या धम्मवर्गात मात्र गाथा पाठ करून घेतल्या की झालं, असं मला अनेकदा दिसतं.

विहारात खडूने चार चेहरे काढा: खूश, रडका, रागावलेला, घाबरलेला. ‘आज तू यातला कोण?’ एवढंच विचारा. मूल बोट ठेवेल, बोलेलच असं नाही. राग आला हे ठीक, मारणं ठीक नाही, हा फरक सांगा. ‘पोरीसारखा रडतोस काय?’ हे वाक्य बंद करा. त्यात मुलगा आणि मुलगी दोघांचाही अपमान आहे. स्वतःचंही सांगा: ‘आज गाडीत फार गर्दी होती, मी चिडलेय, तुझ्यावर नाही.’ मुलं भावनांचे शब्द असेच उचलतात.

शरीराच्या अवयवांचीही खरी नावं शिकवा. मुलाने कुणाच्या स्पर्शाबद्दल काही सांगितलं तर पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेऊ नका, ‘कुणाला सांगू नकोस’ तर मुळीच म्हणू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. मग १०९८ वर फोन करा किंवा पोलीस ठाणे गाठा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे, विहाराच्या कार्यकर्त्यालाही.