सागवानी सामानाचे पॉलिश घरच्या घरी कसे सुधारावे?



तळेगाव (श्यामजी पंत) आणि आसपासच्या गावांतील जुन्या घरांत अजूनही सागवानी पलंग, कपाट, देव्हारा दिसतो. लाकूड भक्कम असते, पण वरचे पॉलिश गेले की घरची मंडळी म्हणतात, "काढून टाका हे, नवीन आणू." नवीन म्हणजे बहुधा भुशाच्या फळ्यांचे. त्यात पाणी मुरले की ते फुगते आणि मग दुरुस्त होत नाही. सागवानाचे तसे नाही. थोडी मेहनत केली, तर ते पुन्हा उभे राहते.

जुने पॉलिश म्हणजे बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतात. त्यांच्यापासून ही लाख मिळते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था निघाली. स्पिरिट तर आपल्या ओळखीचेच, कारण मद्यार्क उसाच्या मळीपासून होतो. म्हणजे कपाटाची चकाकी पळसाची आणि आपल्या उसाचीही, बरं का!

आधी परीक्षा करा. कपाटाच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभराने बोट लावा. चिकट लागले, तर लाखेचे पॉलिश समजावे. काहीच झाले नाही, तर ते मेलामाईन किंवा तसला दुसरा लेप असू शकतो. त्यावर पुढील उपाय चालत नाहीत.

पांढरा डाग. गरम कप ठेवला की लाख मऊ होते, आत ओल शिरते आणि पांढरे वर्तुळ उमटते. दोन दिवस कोरड्या हवेत राहू द्या. मग चुलीची बारीक चाळलेली राख जवसाच्या तेलात कालवून मऊ कापडाने हलक्या हाताने चोळा व पुसून घ्या. डाग राहिलाच, तर किंचित स्पिरिट लावलेले कापड एकदाच भरभर फिरवा. हात थांबला की पॉलिश उचलून येते.

काळा डाग. पाणी थेट लाकडापर्यंत गेले आणि त्यात खिळ्याचे लोखंड मिळाले की लाकूड काळे पडते. हे काम सुताराला दाखवावे.

दबलेली जागा. तेथील पॉलिश काढून ओले कापड ठेवा व वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेने लाकडाचे तंतू फुगतात आणि खड्डा बराच वर येतो. लाकूड तुटलेले असेल, तर मात्र लांबी भरावी लागते.

पूर्ण पॉलिश. एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ते २०० ग्रॅम चपडा लाख काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा. लोखंडी डब्यात रंग काळपट होतो. सकाळी फडक्यातून गाळा. लाकूड पुसून, बारीक पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासा. मग सुती धडप्यात कापूस गुंडाळून बोळा करा आणि पातळ हात मारा. प्रत्येक हात वाळू द्या. एक जाड हात देण्यापेक्षा पाच-सहा पातळ हात बरे. लाखेचे वैशिष्ट्य असे, की नवा हात जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळतो. म्हणून जोड दिसत नाही. जुने पॉलिश सगळे खरवडण्याची गरज पडत नाही, ती याचमुळे.

हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत पॉलिश धुरकट होते. तोडणी आटोपली की मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या वेळी करावे. भर उन्हात स्पिरिट फार लवकर उडते आणि बोळा ओढू लागतो. तयार पॉलिश सहा महिन्यांच्या आत वापरा. जुने झाले की ते नीट वाळत नाही.

सावधान! पॉलिशचे स्पिरिट विषारी असते. पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. बाटलीवर चिठ्ठी लावा आणि ती पोरांच्या हाती लागू देऊ नका. काम करताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा. जवळ चूल, दिवा, बिडी नको. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाचट किंवा कडब्याशेजारी असे घडले तर काय होईल, ते सांगायला नको. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, आणि मगच टाका.