दिवे मिणमिणतात, दोष बॅटरीचाच का?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर, टेम्पो आणि जीपगाड्यांची वर्दळ वाढते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील ऊसतोडीची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. प्रवास पुष्कळदा रात्रीचा, वाटेत मांजरसुंब्यासारखे घाट. अशा वेळी रेस कमी होताच दिवे मिणमिणू लागले, तर जिवाशी गाठ असते.

'बॅटरी गेली' असे म्हणून लगेच नवी बॅटरी आणली जाते. चार दिवसांनी पुन्हा तेच! कारण दोष अनेकदा बॅटरीत नसतोच.

बॅटरी म्हणजे घरातली कणगी आणि अल्टरनेटर म्हणजे पिकते शेत. सेल्फ मारताना कणगीतले धान्य खर्ची पडते. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर दिव्यांना वीज पुरवतो आणि कणगीही भरतो. इंजिन मंद असले की त्याचे पीक कमी. त्यात पट्टा सैल वा तार गंजलेली असेल, तर तूट उघडी पडते. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत मंद इंजिनावर दिवे थोडे उतरतातच. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र ते फार उतरू नयेत.

प्रथम इंजिन बंद करून पाहावे. पट्टा चिरलेला, गुळगुळीत वा सैल आहे का? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? इंजिन व चासीला जोडलेली अर्थची तार घट्ट आहे का? टर्मिनल सोडताना आधी अर्थची बाजू सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टर्मिनल धुवावेत. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. निम्मे दुखणे इथेच बरे होते.

पुढची तपासणी साध्या मीटरने करावी. 12 व्होल्टची बॅटरी रात्रभर विसावल्यावर 12.6 च्या आसपास दाखवत असेल, तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे सुमारे अर्धी. इंजिनाला मध्यम रेस दिल्यावर साधारण 13.8 ते 14.5 यावेत. आता दिवे लावून इंजिन मंद ठेवावे. आकडा 13 च्या खाली घसरून रेस देताच वर येत असेल, तर पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा. रेस स्थिर असूनही आकडा नाचत असेल, तर सैल जोड, झिजलेले कार्बन किंवा रेग्युलेटर यांवर संशय घ्यावा. आकडा 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीचे पाणी लवकर आटते.

दिवे लावून, रेस वाढवून मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या उणे टर्मिनलवर टेकवावी. 0.2 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर अर्थ खराब आहे. नव्या तारेचा खर्च नव्या बॅटरीपुढे किरकोळ असतो.

दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. इंजिनच लुडबुडत चालत असेल, तर वीजही लुडबुडणारच. आधी डिझेल फिल्टर आणि नळीतली हवा पाहावी. दुसरे, आजच्या अनेक नव्या मोटारींत संगणकच अल्टरनेटरचा जोर कमी-जास्त करतो. दिवे नीट असतील आणि इशाऱ्याचा दिवा लागत नसेल, तर केवळ आकडा बदलला म्हणून घाबरू नये.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नये. अल्टरनेटर जळू शकतो. चालू पट्ट्याजवळ पदर, उपरणे, मोकळे केस नेऊ नयेत. बॅटरीजवळ विडी-काडी नकोच. तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर आकडे कागदावर लिहून मिस्त्रीकडे जावे. नेमके दुखणे सांगणाऱ्याला नको तो भाग सहसा गळ्यात पडत नाही. आणि ही तपासणी निघण्याच्या आधी, दिवसाउजेडी दारातच उरकावी. घाटात अंधार पडल्यावर मीटर काय कामाचा?