माणसे आणि गुरे एकाच छपराखाली : डार्टमूरचे दगडी शेतघर

जुन्या वास्तूंचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ते किल्ले, राजवाडे आणि प्रार्थनास्थळे. सामान्य शेतकऱ्याचे घर या यादीत सहसा नसते. कारण ते शतकानुशतके टिकतच नाही. इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यातील डार्टमूरचे पठार मात्र याला अपवाद आहे. मध्ययुगात उभारलेली शेतकऱ्यांची काही दगडी घरे तेथे अजून उभी आहेत आणि त्यांपैकी अनेकांत आजही माणसे राहतात. 'लाँगहाऊस', म्हणजेच लांबट घर, या नावाने ती ओळखली जातात.

डार्टमूर हा ग्रॅनाईटचा, पावसाळी आणि वाऱ्याचा प्रदेश. सुमारे ९५४ चौरस किलोमीटरच्या या पठाराला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथील मध्ययुगीन शेतकऱ्याला खाण खणावी लागली नाही. माळावर विखुरलेले ग्रॅनाईटचे धोंडे गोळा करून त्याने जाड भिंती रचल्या. दगड फोडण्याच्या खुणांवरूनही बांधकामाच्या काळाचा अंदाज येतो. सुमारे १८०० पूर्वी छिन्नीने लांबट खाचा पाडून त्यांत पाचर ठोकत; त्यानंतर गोल भोके पाडून दगड चिरण्याची पद्धत आली.

उताराचे शास्त्र

या घराची रचना एका साध्या विचारावर उभी आहे. घर एका खोलीइतकेच रुंद, पण लांबलचक असते आणि ते उताराच्या दिशेने बांधलेले असते. वरच्या अंगाला माणसांचा संसार, खालच्या अंगाला गुरांचा गोठा. या गोठ्याला स्थानिक बोलीत 'शिपन' म्हणतात. गोठ्याच्या मधोमध दगडी पन्हळ असते. शेण-मूत तिच्यातून वाहत टोकाच्या भिंतीतील भोकावाटे बाहेर पडते. गोठा खालीच का, याचे उत्तर त्या पन्हळीत आहे.

दोन्ही भागांच्या मध्ये आडवा बोळ असतो आणि त्याच्या दोन टोकांना समोरासमोर दारे. मूळच्या रचनेत माणसे आणि गुरे याच दाराने आत शिरत. बोळातून एकीकडे वळले की माजघर, दुसरीकडे वळले की गोठा. कडाक्याच्या हिवाळ्यात गुरांना निवारा मिळे आणि रात्री-अपरात्री गाय व्यायली, तरी धन्याला पावसात बाहेर पडावे लागत नसे.

काजळीने राखलेला इतिहास

आरंभी या घरांना धुराडे नव्हते. माजघराच्या मध्यभागी उघडी आगटी पेटे आणि धूर वर चढून गवती छपरातून वाट काढी. त्यामुळे छपराच्या लाकडी कैच्या आणि शाकारणीचा आतला थर काळाकुट्ट झाला. पुढे नवी शाकारणी जुन्या थरावरच होत राहिल्याने डेव्हनमधील काही घरांत तो काजळलेला थर शाबूत राहिला. त्यातील गव्हाची व राय धान्याची ताटे, कणसे आणि शेतातील तण यांवरून मध्ययुगीन पिकांचा अभ्यास करता आला आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत घर बदलले. दगडी धुराडे आले आणि धूर कोंडण्याचा प्रश्न सुटल्यामुळे माजघरावर मजला घालता आला. जिना आला, काही ठिकाणी दगडी देवडी आली. कित्येक घरांत गुरांसाठी स्वतंत्र दार पडले. मात्र नव्याने जुने पुसले नाही. मजल्याच्या वर, छपराच्या पोटात, काजळलेल्या कैच्या तशाच राहिल्या.

सगळ्याच घरांना हे भाग्य लाभले नाही. हाउंड टोर येथील मध्ययुगीन वस्ती पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ओस पडली. १९६० च्या दशकातील उत्खननात तेथे लांबट घरांचे पाये आणि धान्य वाळवण्याच्या भट्ट्या सापडल्या. धान्य आगीवर वाळवावे लागे, यावरूनच तेथील दमट हवेत शेती किती कठीण होती हे ध्यानात येते. थंड होत गेलेले हवामान आणि १३४८ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचलेली प्लेगची साथ ही वस्ती उठण्याची संभाव्य कारणे मानली जातात.

गोठा राहील काय?

आज उभ्या असलेल्या घरांपुढील प्रश्न वेगळा आहे. त्यांतील बहुतेक गोठ्यांत आता गुरे नाहीत. रिकाम्या गोठ्याचे स्वयंपाकघर किंवा दिवाणखाना करावा, असे घरमालकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण फरशीखाली पन्हळ गाडली, दावी बांधण्याच्या जागा काढल्या आणि अरुंद झरोक्यांच्या मोठ्या खिडक्या केल्या, की उरते ते केवळ एक जुने दगडी घर. त्याला लाँगहाऊस म्हणण्याचे कारणच संपते. म्हणूनच वाइडकोम्ब परिसरातील 'हायर अपाकॉट' या घराचे मोल मोठे आहे. त्याचा गोठा जवळपास मूळ स्वरूपात टिकला असून संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत त्याचा समावेश आहे.

ब्रिटनमध्ये संरक्षित वास्तूत परवानगीविना बदल करणे हा गुन्हा आहे. तथापि, केवळ कायद्याने घर जगत नाही. ही घरे बदलली म्हणूनच टिकली, हेही तितकेच खरे आहे. धुराडे आणि मजला यांनी घराच्या कहाणीत एकेका प्रकरणाची भर घातली. गोठा नाहीसा झाला, तर मात्र तिचे पहिलेच प्रकरण फाटून जाईल. जतन म्हणजे बदल थोपवणे नव्हे. कोणता बदल भर घालतो आणि कोणता पुसून टाकतो, हे ओळखणे होय.