पाण्यावर गाडी? आधी मीटर दाखवा!

जालन्याचा मस्तगड 1725 सालचा, निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानानं बांधलेला. गडात सज्जे आणि खोल्या असलेली मोठी विहीर खोदली होती. पाण्याची किंमत या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या अशा जिल्ह्यात कुणी ‘गाडी पाण्यावर पळते’ म्हणालं, तर कान टवकारणारच. पण थांबा, आधी हे वाचा!

राखेवर चूल पेटत नाही
हायड्रोजन जळाला की पाणी होतं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. ती पुन्हा जाळणार कशी?

पाणी फुटतं, पण फुकट नाही
1800 साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेनं पाणी फोडलं. 9 लिटर पाण्यातून 1 किलो हायड्रोजन मिळतो. त्यासाठी आज साधारण 50 युनिट वीज लागते आणि त्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते जेमतेम 33 युनिट. गाडीत पुन्हा वीज करताना त्यातलीही निम्म्याच्या आसपास उडते. जालन्याच्या सळई कारखानदाराला हा व्यवहार सांगून बघा. विजेच्या बिलाचा धसका काय असतो, तो तुम्हालाच समजावेल.

बॉनेटखालचा डबा
‘एचएचओ किट’ गाडीच्याच बॅटरीवर पाणी फोडतं. बॅटरी चार्ज करतो अल्टरनेटर, अल्टरनेटर फिरवतं इंजिन आणि इंजिन पितं पेट्रोल. फिरून फिरून भोपळे चौकात!

कार्बाइडची करामत
कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि इंजिन धडधडतं. टाळ्या पाण्याला, संपतं मात्र कार्बाइड. आंबे पिकवायला ज्याच्या वापरावर बंदी आहे, तेच हे.

1996 : दोन उस्ताद
अमेरिकेत स्टॅन्ली मेयरच्या ‘वॉटर फ्युएल सेल’ला ओहायोच्या कोर्टानं त्या वर्षी धडधडीत फसवणूक ठरवलं, गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूचा रामर पिल्लै पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल काढतो म्हणून देशभर गाजला. 2016 मध्ये त्याला 3 वर्षांची शिक्षा झाली.

मग गडकरींची गाडी?
30 मार्च 2022 रोजी नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत आले. ती खरीच. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही संशोधन संस्था यांनी आणलेली देशी बसही खरी. पण दोन्हींच्या टाकीत भरतात तो हायड्रोजन. पाणी येतं धुराड्यातून बाहेर. सौर किंवा पवनविजेनं तो हायड्रोजन बनवला, तर हे तंत्र कामाचं आहे.

तेव्हा पाण्याच्या गाडीचा मालक भेटला, तर पाणी किती लागतं ते विचारू नका. वीज कुठून आणली आणि बिल कोण भरतं, एवढंच विचारा.