रेघ जाड, रेघ बारीक

कबनूरला आमचा वाचनवर्ग संध्याकाळी भरतो. एके दिवशी एक मावशी लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. पत्रिकेवर गावाचे नाव होते. मावशी अडल्या. "हे कबनूर हाय का कवनूर? मला काय वाचाय येत न्हाई बगा!" असे म्हणून त्यांनी पत्रिका खाली ठेवली.

आम्ही पत्रिका पाहिली. चूक मावशींची नव्हती, अक्षराची होती. 'ब' चे पोट शाईने भरून गेले होते. आतली तिरकी रेघ दिसतच नव्हती. मग 'ब' कुठला आणि 'व' कुठला, हे कोण सांगणार?

असे का होते, ते आपण समजून घेऊ.

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत. अक्षराची जाडी खिळा ओततानाच ठरे. आता अक्षर संगणकावर मांडतात. त्यासाठी कोरल ड्रॉ, इंकस्केप असे प्रोग्राम असतात. इंकस्केप फुकट मिळतो.

रांगोळी आठवा. आधी रेघ काढायची, मग आत रंग भरायचा. संगणकातही तसेच आहे. आतला रंग वेगळा आणि कडेची रेघ वेगळी. या रेघेला 'आउटलाइन' किंवा 'स्ट्रोक' म्हणतात. तिच्या चार गोष्टी आपल्याला बदलता येतात.

पहिली गोष्ट, जाडी. ती पॉइंटात मोजतात. एका इंचात ७२ पॉइंट. कडेची रेघ निम्मी अक्षराच्या अंगावर बसते, निम्मी बाहेर जाते. 'ब' च्या पोटातली मोकळी जागा हीसुद्धा बाहेरचीच. २ पॉइंटांची रेघ दिली, की ती जागा चारी बाजूंनी १-१ पॉइंट कमी होते. अक्षर लहान असेल, तर पोट बुजलेच म्हणून समजा. रेघ वेगळ्या रंगाची हवी असेल, तर ती रंगाच्या मागे ठेवावी. म्हणजे अक्षराचे अंग झाकले जात नाही.

दुसरी गोष्ट, लहानमोठे करणे. समजा, फलकासाठी १ इंची अक्षर काढले. तेच पत्रिकेसाठी पाव इंच केले. 'आकाराबरोबर रेघ बदल' ही खूण केलेली नसेल, तर अक्षर चौपट लहान होते, पण रेघ २ पॉइंटांचीच राहते. लहान पोराला बापाचा फेटा बांधावा, तसे होते! उलट, केसासारखी बारीक रेघ पडद्यावर दिसते, पण कागदावर नाहीशी होऊ शकते.

तिसरी गोष्ट, कोपरे आणि टोके. टोकदार कोपरा ठेवला, तर जाड रेघेला काटे फुटल्यासारखे दिसते. गोल कोपरा घेतला, की काटे जातात.

चौथी गोष्ट, सलग की तुटक. ही गोष्ट शोभेची वाटते, पण तसे नाही. आपला गावनकाशा पाहा. त्यात पायमार्ग एका तुटक रेघेने दाखवतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवतात. कुणी नकाशा संगणकावर पुन्हा काढताना तुटक रेघ सलग केली, तर वाट बांधासारखी दिसेल. शेतात जायची वाटच कागदावरून गेली! म्हणून वाटेचा वाद असेल, तर साध्या चित्रावर विसंबू नये. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रमाणित नक्कल घ्यावी.

मग छापखान्यात गेल्यावर काय करावे? नुसता पडद्यावर नमुना पाहून 'हं' म्हणू नये. जेवढ्या आकारात छापायचे, तेवढ्याच आकारात एक कागद काढून मागावा. त्यावर गावाचे नाव, तारीख आणि वेळ वाचून पाहावी. ब, व, ष ही अक्षरे आणि डोक्यावरचे टिंब नीट पाहावे. टिंब चिकटले, तर 'नंदी' ची 'नदी' होते. अक्षर बुजले असेल, तर सांगावे, "कडेची रेघ बारीक करा, नाहीतर काढून टाका." हे काम दोन मिनिटांचे आहे.

आम्ही मावशींना फळ्यावर मोठा 'ब' काढून दाखवला. त्यांनी तो चटकन वाचला. मग हसून म्हणाल्या, "म्हंजे मला वाचाय येतंय की!"

येतेच. पुढच्या वेळी एखादे अक्षर अडले, तर आधी त्याची रेघ बघा. मग स्वतःला बोल लावा.